आरशामागचं दार

प्रिय चिमणे,

हे पत्र मुद्दाम माणसाहाती धाडतोय. गल्ल्यावर उभ्याउभ्या वाचू नकोस, घरी बसून वाच. फोनवर माझी जीभ रेटली नसती.

दुकानात गर्दी मावत नाही असं काल म्हणालीस. एरवी बापाचा ऊर भरून आला असता माझा. ते दुकान मीच तर आखलं. जावईबापूंचं एकच मागणं होतं, "दादा, आत आलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर जावंसंच वाटता कामा नये." म्हणून मी खिडक्या बुजवल्या, घड्याळ उतरवलं, चादरी-पडद्यांची कपाटं अशी वळवली की सरळ वाटच उरली नाही. मागच्या दाराने लोक निसटायचे, त्यावर छतापर्यंत आरसा बसवला. दहा मिनिटांत जाणारी माणसं दीड-दीड तास रमू लागली. तू माझी पाठ थोपटलीस.

गेल्या महिन्यात मी आलो होतो, त्या दुपारी तू बँकेत असताना वीज गेली. तुला कुणी सांगितलं नसेल. आधी लोक हसले. मग कुणाचं तरी मूल रडलं आणि सगळे एकदम चालू लागले. पुढचं दार कुठे, कुणालाच उमगेना. मोबाइलचे दिवे आरशात चमकले, लोकांना वाटलं बाहेरचा उजेड तिकडेच आहे. तीसेक माणसं काचेवर रेटली गेली. एक आजी "दार उघडा रे" म्हणत थापा मारत होत्या. मी, ते दार झाकणारा, तोसुद्धा दोनदा वाट चुकलो. चार मिनिटांत वीज आली. सगळे ओशाळले, आणि खरं सांगतो, निम्मे पुन्हा खरेदीला लागले.

मी गल्लीतून वळसा घालून मागे गेलो. दाराला टेकून उशांची पोती रचलेली, वर लोंबणारी वायर हाताला गरम लागली. जावईबापूंना म्हटलं, आरसा काढू या. ते हसले, "अहो, चार मिनिटांत काय होतंय? सेल तर होऊ द्या." दोनदा पुन्हा विनवलं. आता ते माझा फोन उचलत नाहीत.

सेल रविवारी. दोन्ही मुलांना मदतीला बसवणार म्हणालीस, तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. आज सकाळी अग्निशमन दलाच्या कचेरीत जाऊन मी नकाशे दिले आणि खाली सही केली. शनिवारी ते टाळं ठोकायला येतील. चुगली कुणी केली हे शोधत बसायला नको, जावईबापूंना हे पत्र दाखव. माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल. पण शनिवारी कुणी आलंच नाही, तर रविवारी मुलांना घेऊन त्या दुकानात पाऊल टाकू नकोस.

तुझाच,
दादा