पाच आठवड्यांचं सामान

१२ एप्रिल
पाच आठवडे! सोमनाथरावांनी फोनवर सांगूनच टाकलं. नऊ मेला निघायचं, चौदा जूनला परत. आफ्रिकेतलं जंगल, सिंह, हत्ती, जिराफ — पोरांना सगळं दाखवायचं. सोबत मी. सोमनाथराव माझे जावई, केनियात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर नोकरीला. माझी छाया जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून तिची दोन्ही पोरं, रुद्र आणि निकिता, माझ्याकडे.
मला एकच कळायला पाहिजे. बाप पोरं फिरवायला नेतोय की ठेवून घ्यायला? विचारलं नाही. जावयाला असं विचारत नाहीत.

१४ एप्रिल
चार जंगलं म्हणतात, रोज सहा तास जीप. मी म्हटलं, दोनच. निकिता चार वर्षांची, वणीच्या घाटात तीनदा ओकते. तर म्हणे, मामी, मधे आराम करू. आरामाचे दिवस मीच कॅलेंडरवर मांडले. त्यांच्या भरवशावर नाही.

१७ एप्रिल
झेंडू तोडला. कॅरेट भरले. बाकी काही नाही.

२२ एप्रिल
मुंबईला जाऊन तिघांनी पिवळ्या तापाची लस घेतली. निकिता रडली. सातवं लागलेल्या रुद्रनं दात आवळले. मला सुई गेली कधी तेच कळलं नाही. तिथली बाई म्हणाली, ही जाताना लागत नाही, परत येताना कार्ड दाखवावं लागतं. म्हणजे परत यायचंय! नाहीतर टोचायला कशाला लावतील? कार्डं कपाटात, कुलपात.

२४ एप्रिल
निळे-काळे कपडे नकोत, तिकडची माशी त्यावर बसते आणि चावते. रुद्रचे चांगले शर्ट सगळे निळे. खाकी घेतले. घालून म्हणतो, आजी, मी हवालदार. शेजारची नवसाबाई कुंपणाशी उभी. म्हणाली, ही चालली सिंह बघायला, सिंहाचं कसं व्हायचं! मी म्हटलं, तू पण चल, त्याला जेवण लागेल. ती हसली. मीही हसले असेन.

२८ एप्रिल
भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू. हिवतापाची गोळी कडू. गुळात दडवून दिली तर निकितानं गूळ खाल्ला, गोळी थुंकली. जंगलात पोरांना शू लागली तर जीपमधून उतरता येत नाही. झाकणाचा डबा घेतला. हे जावयांना सुचलं नव्हतं.

३ मे
सोमनाथरावांचा फोन. सामान किती झालं विचारलं. मग म्हणाले, घरात देव्हारा केलाय, छायाचा टाक तेवढा आणा.
बोटभर चांदीच्या पत्र्यावर सोनारानं काढलेली माझी पोर. गेलेल्या सुनेचा टाक सासरच्या देवांत बसतो. जावयांना आईबाप नाहीत, इथं घर नाही, म्हणून माझ्या देवांत ठेवला होता. माझा नाही तो.
पाच आठवड्यांसाठी कोणी टाक नेत नाही. टाक बसतो तिथं घर.
मग विचारलंच. "पोरं परत येणार का?"
म्हणाले, "मामी, मी रोज एकटा जेवतो."
"हे उत्तर नाही."
"शाळा बघून ठेवलीये. आधी फिरतील, माझ्याशी रुळतील. पण तुम्ही नाही म्हणालात तर पाठवीन परत. शब्द देतो."
फोन ठेवला. कुकर लावला. राग यायला पाहिजे होता. आला नाही.

४ मे
नवसाबाई म्हणते, टाक हरवला म्हण आणि पोरं पण नेऊ नको. तुझं वय काय, त्यांचं काय, तो माणूस उद्या दुसरी करेल. करेलही. मी भेंडी निवडत राहिले.

६ मे
निकितानं फोनला तोंड लावून बापाची पापी घेतली. काच ओली. रुद्रनं विचारलं, "पप्पा, तिथं मला तुमच्याजवळ झोपायला मिळेल?" मी भांडी घासत होते. घासलेलंच पातेलं पुन्हा घासलं.

८ मे
बॅगा बांधल्या. रुद्र बॅगेवर बसून विचारतो, "आजी, आपण परत कधी यायचं?"
म्हटलं, "मी चौदा जूनला."