घड्याळकाकांशी मनमोकळ्या गप्पा

२ मार्च, रविवार
होलिस्टिक नर्सिंगचं शिबिर संपलं. पेशंट म्हणजे नुसता आजार नव्हे. शरीर, मन, घरदार, सगळा माणूस बघायचा. जेवणानंतरच्या सत्रात माझा डोळा लागला, पण गाभा कळला. संकल्प: यापुढे प्रत्येक पेशंटचं मन लावून ऐकायचं. बायकोला सांगितलं. म्हणाली, सुरुवात घरापासून करा. पुढेही काहीतरी म्हणाली, माझं लक्ष नव्हतं.

४ मार्च, मंगळवार
नवा पेशंट. घड्याळं दुरुस्त करणारे काका, एकटेच राहतात. शेजाऱ्यांनी आणून सोडलं. अर्धांगाचा सौम्य झटका. उजवा हात लुळा, जीभ जड, शब्द फुटत नाही. समज मात्र पक्की. हात वर करा म्हटलं की डावा लगेच वर.
एमआरआयला नेताना त्यांच्या कानातलं मशीन काढून घेतलं. नवंकोरं दिसलं. कापसात गुंडाळून एप्रनच्या वरच्या खिशात ठेवलं. महागाची वस्तू, हलगर्जीपणा नको. काका टक लावून बघत होते. नजरेत विश्वास दिसला.

५ मार्च, बुधवार
पांढऱ्या एप्रनला पेशंट बिचकतो, असं शिबिरात सांगितलं होतं. एप्रन कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला टांगला. आजपासून पोपटी स्वेटर. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, वॉर्डात पोपट शिरलाय. हसा म्हणावं.
काकांजवळ खुर्ची ओढून बसलो. मनमोकळ्या गप्पा झाल्या. बोललो मीच, पण ऐकण्यासाठी आधी वातावरण तयार करावं लागतं.

७ मार्च, शुक्रवार
काय जमलंय आमचं! इन्चार्ज सिस्टरचा जाच, रखडलेलं प्रमोशन, बायकोचे टोमणे, सगळं सांगून टाकलं. काका मान डोलावतात, मध्येच हसतात. मला इतकं समजून घेणारा माणूस आजवर भेटला नव्हता.
आज त्यांनी आधी स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मग माझ्या छातीकडे. अंगावर काटाच आला. तुझं बोलणं थेट काळजाला भिडतं, दुसरं काय! संगीतही हवं असेल, म्हणून हेडफोन लावून बासरी ऐकवली. त्यांनी हेडफोन उपटून माझ्या अंगावर फेकला. डाव्या हातात चांगला जोर आहे, अशी नोंद केली.

९ मार्च, रविवार
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, हात वर करा, डोळे मिटा. काका नुसतेच हसले. बाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी समजत होतं, आता समज गेलेली दिसते. झटका वाढला असणार.
बाहेरगावाहून मुलगा आलाय, वर्षभरानंतर. त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, आता यांना एकटं ठेवता येणार नाही, आणि माझ्याकडे न्यायची सोय नाही. एक वृद्धाश्रम बघितलाय, बुधवारी नेतो. दुकानही विकून टाकणार.
फार वाईट वाटलं. मनात काहीतरी खुपतंय, काय ते आठवत नाही. शिबिराच्या भाषेत याला सहानुभूतीचा थकवा म्हणतात. म्हणून लवकर घरी आलो.

११ मार्च, मंगळवार
मेट्रनबाईंना स्वेटर दिसला. म्हणाल्या, एप्रन घाला, नाहीतर घरचा रस्ता धरा. घातला मुकाट्याने. वरच्या खिशात पेन खोचायला गेलो आणि बोटाला कापूस लागला.
काकांच्या कानातलं मशीन!
कानाकडे बोट. छातीकडे बोट. बिचारे खिसा दाखवत होते! आणि मी त्यांना माझ्या प्रमोशनचं रडगाणं ऐकवत होतो. ऐकवत तरी कुठे होतो म्हणा.
पुढचं लिहायला लाज वाटते. मशीन गुपचूप त्यांच्या उशाजवळच्या कपाटात टॉवेलखाली सरकवलं. मग मुलासमोर आवराआवर काढली आणि म्हणालो, अरेच्चा, हे काय इथे? मुलगा चकित. वडिलांना कमी ऐकू येतं हेच त्याला माहीत नव्हतं.
मशीन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात वर करा. डावा हात ताडकन वर. डोळे मिटा, जीभ दाखवा, सगळं बरोबर. मुलगा ढसाढसा रडला. म्हणाला, वृद्धाश्रम नको, दुकानही राहू दे, मी रजा टाकून बाबांजवळ थांबतो.
डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. सगळा माणूस बघणं म्हणतात ते हे, म्हणाल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, पुढच्या शिबिरात तुम्हीच बोला.
काका माझ्याकडे बघत होते. मी खिडकीकडे.

१२ मार्च, बुधवार
बायकोला काल खरं सांगितलं. ती उठून भांडी घासायला गेली. टोमणा मारला असता तरी परवडलं असतं. ठरवलं, काकांची सरळ माफी मागायची.
खुर्ची ओढली. त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, तुमच्याशी थोडं बोलायचंय.
काकांनी मोठा सुस्कारा सोडला. हात सोडवून घेतला, कानातलं मशीन काढलं. माझ्याकडे दिलं नाही, स्वतःच्या मुठीत घट्ट धरलं. मग त्या जड जिभेतून मला उद्देशून पहिला शब्द आला. म्हणाले, बोला.
सगळं बोललो. खिसा, कापूस, टॉवेल, माझा खोटेपणा. रडलोही. काका मान डोलावत होते. मध्येच हसले, नको तिथे.
माफी मागून झाली. खरी मागायची तर मशीन लावलेलं असताना मागायला हवी.
त्यांचा डिस्चार्ज उद्या आहे. उद्या माझी सुट्टी आहे.
जायला हवं.