ओलॉल म्हणजे तुझे सासरे

प्रिय बडबडे,

अभ्यासाच्या कार्डांचा गठ्ठा दुकानात ठेवून गेलीस, आणि वर निरोप काय, तर ‘तुला उपयोग होईल’! डोंबलाचा उपयोग! अगं, एकेका कार्डावर तुझं सासर बसलंय. नावाच्या शेवटी ‘ओलॉल’ आलं की ठोके संथ करणारं औषध, हे लक्षात राहावं म्हणून तू सासरे काढलेस, हात वर करून ‘सावकाश, सावकाश’ म्हणणारे. ‘थायाझाइड’ म्हणजे लघवी वाढवणारं, तिथे भरल्या ताटावरून उठून पळणारे धाकटे दीर. ‘प्रिल’ रक्तदाब उतरवतं पण कधीकधी कोरडा खोकला लावतं, म्हणून सगळ्यांची भांडणं मिटवणाऱ्या आणि सदा खोकणाऱ्या चुलतसासूबाई. माझ्या सासरी कोणी धड शिंकतसुद्धा नाही! मागच्या खोलीत खोक्यांवर बसून, डबा खाता खाता तू त्यांच्या नकला करायचीस, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात काही शिरायचं. आता नुसती चित्रं बघून औषधांच्या परीक्षेत काय लिहू, कपाळ?

तू गेल्यापासून दुकान कसं शांत शांत झालंय. गल्ल्यावर बसून सर म्हणतात, बरं झालं, गोंगाट कमी झाला. माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी काय असं आभाळ कोसळलं होतं गं? रक्तदाबाची हायड्रॅलाझिन काढायची होती, तू खाजेवरची हायड्रॉक्सिझिन काढलीस. चूक झाली, नाही म्हणत नाही मी. पण गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी सर प्रत्येक औषध तपासतात, ते कशासाठी? चूक पकडली, विषय संपला. पण नाही! भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ओरडले, की झाडू धरणाऱ्या हातात बाटल्या दिल्या की हे असंच होणार. आणि तू, एरवी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून तासभर हुज्जत घालणारी बाई, निमूटपणे अ‍ॅप्रन काढून ठेवलास आणि निघून गेलीस. तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या? मला सरांचा राग आलाच, पण तुझा त्याहून जास्त आला. तू दुकान झाडायला आलीस, हे खरं. मग? लादी पुसता पुसता फळीवरची नावं वाचत गेलीस, आणि मलाच ओढलंस या अभ्यासात. माझ्या मनात तरी होतं का परीक्षेला बसायचं? तू म्हणालीस, एकटीला भीती वाटते, चल सोबतीला. आता मला घोड्यावर चढवून स्वतः उतरतेस होय?

तुझ्या घरी आले, तर तुझ्या जावेनं सांगितलं, की झोपलीये. भर दुपारी! मी जिन्यात उभी राहून तुझी चाहूल ऐकत होते, तू दारापलीकडेच होतीस. फोनही उचलत नाहीस, म्हणून हे लिहून दाराखालून सरकवतेय. कार्डं परत आणलीत, दाराच्या मुठीला पिशवी अडकवलीय. मला नकोत ती.

आता खरं सांगते, एवढी का पेटलेय ते. काल मी तीच औषधं काढत होते. चिठ्ठी रक्तदाबाची, आणि हात गेला खाजेच्या बाटलीवर. तीच फळी, शेजारी शेजारी ठेवलेल्या त्याच दोन बाटल्या, तीच चूक. सरांनी बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, होतं असं, ताई, नावंच मेली सारखी. ताई! मला ताई, आणि तुला झाडू! त्यांच्या तोंडावर मी म्हटलं, सर, हेच त्या दिवशी तिला का नाही म्हणालात? ते चष्मा पुसत बसले. मी त्या दोन बाटल्या उचलल्या आणि एक वरच्या फळीवर ठेवली, दुसरी पार खाली. तेव्हा परीक्षा हुकवायची असेल तर दुसरं काहीतरी कारण शोध, हे चालणार नाही. तुझं नाव अजून परीक्षेच्या यादीत आहे, मी विचारून आलेय. उद्या सकाळी परीक्षेला जायला रिक्षा घेऊन तुझ्या खिडकीखाली उभी राहीन आणि तू उतरेपर्यंत तुझ्या सासऱ्यांना ‘ओलॉल, ओलॉल’ म्हणून हाका मारीन. कोण ओलॉल, ते त्यांना तूच समजावून सांग.

तुझीच,
भांडायला टपलेली ताई