मिनसू नावाचा मुलगा

सावदा
१४ मे २०२५, दुपारी दीड

आदरणीय अक्का,

दोन नंबरच्या खोलीचं दार आत्ताच उघडलं. ते अर्धा तास उघडं राहील आणि तोवर मला समोर खुर्ची टाकून बसायचं आहे. तेवढ्या वेळात हे लिहिते.

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. इकडे पारा पंचेचाळीसवर आहे. अब्बांची साखर वाढली आहे, पण ते ऐकत नाहीत. मी बी.ए.चं पहिलं वर्ष पास झाले. तुम्ही धुळ्याला राहायला गेल्यापासून तुमच्या इथल्या घरात कुणीतरी खताची पोती ठेवली आहेत.

परवा शेजारच्या सुनंदाबाई धुळ्याहून आल्या. तुमची चौकशी केली तर आधी नुसतं "बरं आहे" म्हणाल्या. मग सांगितलं, की तुम्ही तुमच्या लेकीचा, कोकिळाचा फोटो भिंतीवर लावलेला नाही. तिचं वर्षश्राद्ध घालायचं नाही असं तिच्या थोरल्या भावाने, प्रेमराजभाऊंनी ठरवलं आणि तुम्ही मान हलवली. "जिनं घराचं नाव घालवलं तिचं कसलं वरीस?" असं ते म्हणाले म्हणे.

म्हणून लिहिते आहे. अक्का, मिनसू नावाचा मुलगा नव्हताच.

ती कोरियन मालिका तुम्हाला आठवत असेल. एकाच गल्लीत वाढलेले पाच मित्र. एकदा तुम्ही मागे उभ्या राहून दहा मिनिटं पाहिली होती आणि म्हणाला होतात, "हे पोट्टे इतके रडतात काहून? यायले घरी जेवाले देत नाही का कोणी?" कोकिळा हसून हसून जमिनीवर आडवी झाली होती. पुढचे आठ दिवस कुणी रडलं की ती विचारायची, "जेवली का?"

त्या पाचांपैकी दोघांची नावं आम्ही घेतली. ती सोरा, मी मिनसू. तिचा फोन प्रेमराजभाऊ रोज तपासायचे, त्यांनी तिचे निरोप वाचू नयेत म्हणून आम्ही एका वहीत चिठ्ठ्या लिहायचो. वही या खोलीतल्या फळीवर असायची. "मिनसू, उद्या दोनला ये. उशीर केलास तर बोलणार नाही." असं तिने मला लिहिलेलं आहे. प्रेमराजभाऊंनी तिच्याजवळ सापडलेली वही वाचली आणि ठरवलं, की ती इथे कुणा मुलाला भेटायला येत होती.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले होते. दारातच उभे राहिले.

"मिनसू कोण?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही? चोवीस तास तिच्या मागं असायची तू."

"नाही माहीत, भाऊ."

माझ्या समोरच त्यांनी वहीचे दोन तुकडे केले. मला एक शब्द बोलता आला असता. मी बोलले नाही.

दोन वाजले. दार लावते.

संध्याकाळी साडेसात

दार पुन्हा उघडलं आहे.

दुपारी जे लिहिलं ते खरं आहे, पण तेवढंच लिहून पाकीट बंद करावं असं मनात आलं होतं. मग तुम्ही विचाराल, मिनसू तूच होतीस तर तेव्हा सांगितलं का नाहीस.

ही अब्बांची केळी पिकवायची खोली आहे. आत अठरा अंश असतं. मे महिन्यात गावात इतकी थंड जागा दुसरी नाही, म्हणून आम्ही इथे बसायचो. केळी पिकताना श्वास घेतात. बंद खोलीतली चांगली हवा संपत जाते. म्हणून दिवसातून दोनदा अर्धा तास दार उघडायचं आणि दारावरच्या तक्त्यावर वेळ लिहून सही करायची. ते काम माझं होतं. हवा बदलल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हे कोकिळालाही माहीत होतं. ती आधी तक्ता वाचायची आणि मगच कडी काढायची.

आमचा आणखी एक नियम होता. एकटीने पुढचा भाग पाहायचा नाही.

पंधराव्या भागाच्या शेवटी पाचांपैकी एक जण दवाखान्यात पडलेला असतो. वाचतो की नाही ते सोळाव्या भागात कळणार होतं. तो भाग आम्ही दुसऱ्या दिवशी दोन वाजता पाहणार होतो. मला धीर धरवला नाही. त्या दिवशी अब्बा रावेरला माल उतरवून घ्यायला गेले होते, तीनपर्यंत परतणार होते. आल्यावर ते आधी तक्ता पाहतात. मी सकाळी दहा वाजताच दुपारच्या रकान्यात लिहून ठेवलं, "दीड ते दोन, दार उघडलं." खाली सही केली. घरी गेले आणि सोळावा भाग पाहत बसले. मध्येच आईने धुणं वाळत घालायला बोलावलं, म्हणून दुपारी उरलेला पाहिला.

तो वाचतो, अक्का.

दोन वाजता यायला मला तोंड राहिलं नव्हतं. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असतं. तिचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. डोकं दुखत होतं असं उद्या सांगायचं ठरवलं.

चार वाजता हमाल सुपडू धावत आला. "ताई, चाल लवकर. पोरगी आत पडेल हाय."

ती पेट्यांना टेकून बसल्यासारखी होती. ओढणी गुडघ्यांवर नीट घेतलेली. सुपडूने तिचा फोन माझ्या हातात दिला. सोळावा भाग लावून ठेवलेला होता, सुरू केलेला नव्हता. ती माझी वाट पाहत होती.

डॉक्टरांनी ऊन लागल्याचं लिहिलं. अठरा अंशाच्या खोलीत मिळालेल्या मुलीला ऊन कसं लागलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर शवविच्छेदन झालं असतं, चौकशी झाली असती, आणि तुमच्या घरच्यांना त्या मुलाचं नाव बाहेर येण्याची भीती होती. आमच्या घरच्यांना खोलीची भीती होती. दोन्ही घरं गप्प बसली. मी दोन्हींच्या आडोशाला बसले. दुसऱ्या दिवशी तक्ता दारावर नव्हता. तो कुणी काढला हे मी विचारलं नाही.

तिने माझं अक्षर वाचलं आणि आत गेली. एवढंच झालं.

मला माफ करा असं मी लिहिणार नाही. ते तुमच्यावर आणखी एक ओझं होईल. फक्त तिचा फोटो लावा. ती कुणा मुलाकडे गेली नव्हती. तिने कुणाचंही नाव घालवलं नाही. हे पत्र प्रेमराजभाऊंना दाखवा. त्यांना पोलिसांत द्यायचं असेल तर देऊ द्या, मी शब्द फिरवणार नाही. त्यासाठी खाली पूर्ण नाव लिहिते.

तुमच्या घरात पोटभर जेवलेली,
शाझिया नजीर बागवान
वय १९, राहणार सावदा, तालुका रावेर

१५ मे, सकाळ

सकाळी चहाच्या वेळी अब्बांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "मला माहीत होतं." मी विचारलं, कधीपासून. "पहिल्या दिवसापासून." मग चहा तसाच ठेवून उठले आणि बाहेर जाऊन हमालांना सांगितलं, की आजपासून या खोल्यांमध्ये माल उतरवायचा नाही. मी पोस्टाच्या पायरीवर बसून या ओळी लिहिते आहे. नऊ वाजले. खिडकी उघडली आहे.