नऊ खुंट्या, सहा भोकं

बिजै, मंगळूर
२ मे

प्रिय रोवन,

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालास, "मम्मा, खोका बदलताना तू कॉम्प्युटर मारलास. उद्या गॅस उघडा ठेवशील. चौदा तारखेला येतो आणि तुला बंगळूरला घेऊन जातो. परतीची दोन तिकिटं काढली आहेत." मी गप्प राहिले म्हणजे कबूल झाले असं समजू नकोस. तोंड उघडलं असतं तर शेजारच्या शार्लेटबाईंना रेडिओ लावायची गरज पडली नसती.

कॉम्प्युटरचा पत्र्याचा खोका मी हौसेने बदलला नाही. खाऱ्या हवेने त्याचा तळ इतका गंजला होता की बोट लावलं की भुगा पडायचा. पावसाआधी आपण कौलं परततो, गजांना रंग देतो, मग त्या बिचाऱ्याने काय पाप केलं होतं? म्हणून हंपनकट्ट्याला यतीशच्या दुकानातून नवा खोका आणला आणि जुन्यातलं सगळं स्वतः त्यात बसवलं. तू नववीत असताना पप्पांनी आणि तू हाच कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर जोडला होता. मी चहा घेऊन आले की दोघं एका सुरात ओरडायचात, "मम्मा, लांब!" छत्तीस वर्षं मी पोरींना शिवणकाम शिकवलं, डोळ्याला दिसेल न दिसेल असा टाका घालायला लावला, आणि मी लांब!

तर सगळं बसवून बटण दाबलं. आतला पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. वायर बदलली, दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून पाहिलं. मग तुला फोन केला आणि तू गॅसवर पोचलास.

सोमवारी रिक्षात घालून यतीशकडे नेला. त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. बटण दाबलं, मान हलवली. "टीचर, बोर्ड गेला. या वयात कशाला हा ताप? मुलाला सांगा, टॅब पाठवील." मी म्हटलं, "तुझ्या आईने शिवलेला ब्लाउज मी शाळेत तीनदा उसवायला लावला होता. तीही आधी न बघताच म्हणाली होती, कापडच खराब आहे." दुकानातली माणसं हसली. तो हसला नाही. खोका उचलून मी परत आले.

परतताना रिक्षात मला कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवणाऱ्या सिस्टर ऑदिलिया आठवल्या. चूक सापडत नसली की त्या एकच सांगायच्या, "पहिल्या टाक्यापर्यंत उसव." घरी येऊन मी तेच केलं. सगळं बाहेर काढलं. मदरबोर्ड साडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, त्याला फक्त वीज, प्रोसेसरचा पंखा आणि रॅमची एक पट्टी लावली. बटण तर खोक्यातच राहिलं होतं, म्हणून बोर्डावरच्या बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा फिरला, रोवन, आणि फिरतच राहिला. मी तिथेच खुर्चीत बसून दहा मिनिटं त्याच्याकडे बघत होते. बोर्ड गेला नव्हता. म्हणजे दुखणं त्या नव्या खोक्यात होतं.

मग मी काज आणि बटणं मोजतात तसं मोजलं. खोक्याच्या पत्र्यावर पितळी खुंट्या नऊ. त्यांवर स्क्रूने बसणाऱ्या आपल्या बोर्डाला भोकं सहा. उरलेल्या तीन खुंट्या बोर्डाच्या पाठीला टेकत होत्या आणि वीज भलतीकडे पळत होती. आता त्या खुंट्या कोणी लावल्या ते विचारू नकोस. बरं, विचार. मीच लावल्या. पत्र्याला नऊ जागा होत्या, पुडीत खुंट्या होत्या. कॉन्व्हेंटमध्ये एक काज रिकामं राहिलं तर दोन गुण जायचे. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी एकही रिकामं सोडलेलं नाही, तेव्हा हेही सोडलं नाही. चूक माझी होती, हे मी लिहून देते. पण ती यतीशला सापडली नाही, तुला सापडली नाही. मला सापडली.

तीन खुंट्या काढल्या, सगळं पुन्हा बसवलं, बटण दाबलं. एक बारीक टुक्क वाजलं आणि पडद्यावर उजेड आला. मी अशी ओरडले की शार्लेटबाई हातातल्या कोयत्यासकट धावत आल्या. "कोण पडलं गो, लिडविन?" मी म्हटलं, "पडलं नाही, उठलं." काल त्या स्वतःच्या नातीचा बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आल्या. मी आधी झाकण उघडलं, मगच बोलले.

चौदा तारखेला तू जरूर ये. वाफेवरची सान्नां आणि डुकराचं झणझणीत बाफात तयार असेल. पण परतीच्या दोन तिकिटांतलं एक आजच रद्द कर, त्यासाठीच हे लिहिते आहे. मी गॅसही बंद करते आणि स्वतःच्या चुकाही शोधते. आणखी एक काम तुझ्यासाठी ठेवलं आहे. जुन्या खोक्याच्या झाकणाला आतून तुझ्या नववीतल्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं, 'मम्माने हात लावू नये'. झाकण मी धूळ झटकून टेबलावर ठेवलं आहे. शेजारी खोडरबर आहे. ते अक्षर मी खोडणार नाही, तू येऊन खोडायचं.

तुझीच, हात लावलेली,
मम्मा