तीन ठिपक्यांचा तुकडा

मी उकंडा गोमाजी खोब्रागडे, वय ७२, थ्रेशरचे ड्रम, पंखे व पुल्या यांचे बॅलन्सिंग करणारा, राहणार लोहारा, यवतमाळ. शरीर थकले असले तरी डोके शाबूत आहे. हे लिहवून घेताना कोणी माझा गळा धरलेला नाही. आजवर दुसऱ्यांचे गळे मीच धरले. माझ्या पश्चात खालीलप्रमाणे करावे.

१. राहते घर व बँकेतील रक्कम मुलगा अश्वजित याला. भिंतीवरून शेजाऱ्याशी भांडण चालू आहे, ते चालू ठेवावे.

२. वर्कशॉप, वेल्डिंग मशीन आणि ड्रम तोलायच्या दोन सपाट पट्ट्या भावसिंग आडे याला. अश्वजित, तू म्हणशील, बुढ्याचं डोकं फिरलं. पुढे वाच.

३. अकरा वर्षांपूर्वी राळेगावच्या एका वावरात थ्रेशर भरधाव चालू असताना, ड्रमचा तोल साधायला त्यावर वेल्ड केलेला वजनाचा तुकडा उडाला आणि माझा धाकटा भाऊ इंद्रजित याचे कपाळ फोडून गेला. तो जागीच मेला. ड्रम आमच्याच वर्कशॉपमधून गेलता. हंगामाच्या घाईत मी आणि माझा कामगार भावसिंग, दोघेही वजने लावत होतो. मी काही विचारले नाही. भावसिंगचा उजवा हात ऐरणीवर दाबला आणि हातोडा घातला. तीनदा. "मालक, खूण तं पाहा," एवढेच तो ओरडत होता. ती बोटे पुन्हा वळली नाहीत.

आमच्यात जो वजन लावतो, तो त्यावर लोखंडी पंचाने, म्हणजे टोकदार ठोकणीने, आपली खूण ठोकतो. भावसिंगची आडवी रेघ, माझे तीन ठिपके. तिसऱ्या दिवशी मळणीतून पडलेल्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगात तुकडा सापडला. तीन ठिपके. पुरे वेल्डिंग न करता मीच दोन टाके मारून ड्रम सोडला होता. तुकडा खिशात घातला, घरी येऊन जेवलो. पहिली दोन वर्षे नुसती भीती वाटली. लाज नंतर आली.

४. एकाच बाजूची पाती बदलून ड्रम आणणाऱ्याला भावसिंगने दारातूनच हाकलावे; अशा ड्रमचा तोल राहत नाही. ऐकला नाही तर मुस्काटात द्यावी.

५. तो तुकडा इंद्रजितची बायको पंचफुला हिला द्यावा, तोही मी जिवंत असताना, हे सारे वाचून दाखवून. साक्षीला तिचाच अंगठा घ्यावा. तिने तो तुकडा माझ्या डोक्यात घातला तर कोणी पोलिसांत जाऊ नये.

ठिकाण: लोहारा
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५
सही: उकंडा गोमाजी खोब्रागडे

साक्षीदार १: धम्मरत्न भगत, लिहिणार. सही.
साक्षीदार २: पंचफुला इंद्रजित खोब्रागडे. अंगठा.

लिहिणाराची नोंद: वाचून झाल्यावर पंचफुलाबाईंनी तुकडा घेतला, ठिपके बोटाने मोजले. म्हणाल्या, "अकरा वर्सं मी भावसिंगच्या तोंडावर थुकली. आता कोणावर थुकू?" मग अंगठा दिला.