आईच्या गळ्यातली एकदाणी

नागपूर, अविधवा नवमी

आईचा मोठा करून रंगवलेला फोटो आज स्टुडिओतून आला. चौकटीसकट बावीस रुपये. रंगाऱ्यानं तिच्या गळ्यात चक्क सोन्याची एकदाणी काढली! विचारलं तर म्हणतो, "गळा सुना दिसत होता, बाई. सोन्याचे पैसे नाही लावले."

तेव्हा हसूच आलं. पण दुपारी सावनेरहून दादाची बायको आली. तिनं आईला पाहिलेलंच नाही. फोटोला हात जोडले अन् हळूच म्हणाली, "ताई, ही एकदाणी तुमच्याजवळच राह्यली काय?"

"अवं, रंगाची आहे ती!"

"फोटो काहून लबाड बोलीन?"

आईकडे कुठलं आलं सोनं? नुसती काळी पोत. कुशीत झोपलं की तिचे मणी माझ्या गालात रुतायचे. सकाळी त्या खुणा चोळत आई हसायची. पण आत्ता देवापुढे दिवा लावून डोळे मिटले, तर ती एकदाणी घालूनच समोर आली. हे काय झालं देवा?

दादाला कार्ड लिहायलाच हवं. दादा, वहिनीला काय वाटायचं ते वाटो, आईच्या गळ्यात काळी पोतच होती ना? मला उलट टपाली कळव.